त्याच्या नावावर काहीतरी राहू द्या

मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला की पहिल्या वर्षी त्याच्या हातात महिन्याला 21,000 रुपये पडतात. त्यातले घरी किती यावेत आणि त्याच्यापाशी किती राहावेत, यावर बहुतेक घरांत कधी मोकळं बोलणंच होत नाही. मुलगा संकोचाने विचारत नाही, वडील मानी असतात म्हणून मागत नाहीत, आणि तरीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे घरी येतात. कशासाठी आले, किती दिवस येणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. आई-वडिलांनो, आज त्याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

मी फौजेत क्लार्क होतो. जवानांच्या पगाराचे, सुट्टीचे, कर्जाचे, नॉमिनेशनचे कागद वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेले. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडची पोरं पुष्कळ. आपल्या भागाला फौजेची सवय जुनी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावाआधी लोक ‘सैनिक’ लावतात. अशा गावांत मनीऑर्डरवर घर चालवायची रीत तीन-चार पिढ्यांपासूनची आहे, आणि ती रीत चुकीची नव्हती. आजोबा पगार घरी पाठवायचे तेव्हा त्यांच्यामागे पेन्शन उभी असायची. 15 वर्षं नोकरी झाली की जवानाला आयुष्यभर पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, आणि 2003 पासून दवाखान्यासाठी ईसीएचएस. तरुणपणचा सगळा पगार घरात घातला तरी म्हातारपणाची सोय होऊन राहिलेली असायची.

जून 2022 मध्ये अग्निवीरांना चार वर्षांपुरतं घेणारी अग्निपथ योजना आली आणि हा हिशेब मुळापासून बदलला. घराघरातली रीत मात्र तीच राहिली. मला काळजी वाटते ती याची.

योजना जाहीर झाली तेव्हाचेच आकडे घेऊ. पहिल्या वर्षी पगार 30,000. त्यातले 30 टक्के, म्हणजे 9,000, सेवा निधीसाठी कापले जातात आणि तेवढेच सरकार घालतं. दुसऱ्या वर्षी पगार 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500, चौथ्या वर्षी 40,000. चार वर्षांत मुलाच्या पगारातून साधारण 5 लाख 2 हजार कापले जातात. सरकारचा वाटा आणि व्याज धरून शेवटी सुमारे 11 लाख 71 हजार मिळतात, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी परततात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरत जातात.

आता एक बेरीज तुम्ही स्वतः कागदावर करून बघा. कपात जाऊन चार वर्षांत महिन्याच्या महिन्याला जो पगार हातात पडतो, तोही भत्ते सोडून 11 लाख 70 हजारांच्या आसपासच भरतो. म्हणजे सेवा निधीइतकीच आणखी एक रक्कम या चार वर्षांत तुमच्या मुलाच्या हातातून जाते. सेवा निधीची चर्चा गावभर होते. या दुसऱ्या रकमेबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती कधी एकगठ्ठा दिसत नाही. थोडी मोबाइलच्या हप्त्यात, थोडी मोटारसायकलीत, थोडी भावकीतल्या लग्नांत, आणि बरीचशी घरखर्चात मिसळून जाते.

तुमचा त्या पैशावर हक्क नाही असं मी म्हणत नाही. भरतीच्या अकॅडमीची फी कुणी भरली हे मला ठाऊक आहे. पहाटे चारला उठून पळायला जाणाऱ्या पोराला दूध-अंडी मिळावीत म्हणून घरात कुणी काय सोडलं, कुणाचे दागिने बँकेत गेले, सोसायटीचं पीककर्ज कसं नवं-जुनं झालं, हेही ठाऊक आहे. मुलाने ते फेडावं यात गैर काही नाही. पण त्याला रक्कम असावी आणि मुदत असावी. अकॅडमीचे आणि दागिन्यांचे मिळून दीड लाख देणं असेल तर तसं सांगा. अमुक महिने अमुक रुपये, आणि मग ते संपलं. देणं फिटल्यावरही त्याच आकड्याची सवय लागलेली घरं मी पाहिली आहेत. तिथून पुढे मुलाला ‘आता थोडे कमी पाठवतो’ असं म्हणणं फार अवघड होऊन बसतं. सीमेवरच्या पोस्टवर बसून फोनवर आईला असं सांगायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

माझ्या मते पहिल्या वर्षी 21,000 मधले 10,000 त्याच्या स्वतःच्या बचतीला, 7,000 घरी आणि 4,000 त्याच्या हाती, अशी वाटणी जमते. राहणं, जेवण, वर्दी सरकारी असते. बॅरकमधल्या मुलाचा खरा खर्च सुट्टीवर येतानाच होतो. पुढच्या वर्षी पगार वाढला की ती वाढ बचतीकडे जाऊ द्या. घरची गरज मोठी असेल तर घरचा आकडा वाढवा, पण बचतीचा खाना रिकामा ठेवू नका. महिन्याला 10,000 प्रमाणे चार वर्षं बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर साडेपाच लाखांच्या आसपास जमतात. हा पैसा कशाला लागेल तेही सांगतो. परत आल्यावर पोलीस भरतीची किंवा निमलष्करी दलांची तयारी करायला वर्ष-दीड वर्ष गेलं, तर त्या काळात त्याला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही आणि सेवा निधीही मोडावा लागणार नाही.

ही ठेव त्याच्या एकट्याच्या नावावर असू द्या. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला एकदा देऊन ठेवली की रोज मनाशी भांडावं लागत नाही.

इथे एटीएम कार्डाचा विषय काढायलाच हवा. पगाराच्या खात्याचं कार्ड आणि पिन घरी ठेवून जायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. विश्वास म्हणून ती चांगली वाटते. पण मग मुलाला आपल्या खात्यात किती आहेत हे वडिलांना विचारावं लागतं, आणि वडिलांनाही दर वेळी काढताना अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा घरी पाठवायच्या पैशासाठी वेगळं खातं असावं, आणि ते आईच्या नावाने असलं तर फार बरं. आईचं स्वतःचं, केवायसी झालेलं, वापरात असलेलं खातं असणं दुसऱ्याही कारणासाठी गरजेचं आहे. अग्निवीराला नोकरीच्या काळात 48 लाखांचं विमासंरक्षण असतं, आणि त्याचा हप्ता त्याच्या पगारातून कापला जात नाही. देव न करो, पण ते पैसे मिळायची वेळ आली तर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे त्याच्याच खात्यात जातात. मुलाला विचारा, नॉमिनी कोण लावला आहे? नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का? एका अक्षराच्या फरकाने महिनोन्‌महिने अडलेले कागद मी हाताळले आहेत. पगाराचं खातं डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये आहे का, हेही विचारा. त्या खात्याबरोबर बँकेकडून अपघात विमा मिळतो आणि अनेक घरांना तो असल्याचं माहीतच नसतं. रक्कम बँकेगणिक वेगळी असते, ती मुलाने शाखेत विचारून घरी लिहून ठेवावी.

विमा एवढा असताना आणखी विमा विकायला येणारे येतीलच. प्रशिक्षणाच्या सेंटरमधून मुलगा बाहेर पडायचा अवकाश, नात्यातला, ओळखीचा कुणीतरी एजंट दारात उभा राहतो. वीस वर्षांची पॉलिसी, महिन्याला अडीच-तीन हजार हप्ता, शेवटी अमुक लाख. नोकरी चार वर्षांची आणि हप्ता वीस वर्षांचा, एवढी एकच गोष्ट त्याला दाखवा. पाचव्या वर्षी तो हप्ता कुठून भरायचा? मध्येच सोडलेल्या पॉलिसीत भरलेले पैसे पूर्ण परत येत नाहीत. भिडेखातर घेऊन झालीच असेल, तर कागद हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. कर्जालाही हीच कसोटी लावा. पगारी खातं आहे म्हणून बँक मोटारसायकलीला, चारचाकीला, घराला कर्ज देऊ करील. ज्याचे हप्ते नोकरीच्या पुढे जातात असं कोणतंही कर्ज अग्निवीराने घेऊ नये, आणि कृपा करून वडिलांनी त्याला चुलत्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहायला सांगू नये.

शेअर बाजाराबद्दल पालक माझ्याशी दोन टोकांचं बोलतात. एक तर त्याला जुगार म्हणतात, नाही तर पोरगा मोबाइलवर रोज कमावतो म्हणून कौतुक करतात. रोजच्या खरेदी-विक्रीचं, विशेषतः फ्युचर्स-ऑप्शन्सचं, कौतुक करू नका. सेबीने 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास जाहीर केला. त्यात फ्युचर्स-ऑप्शन्सचा व्यवहार करणाऱ्या दर 100 व्यक्तींपैकी 93 तोट्यात निघाल्या, आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर होता. रात्रीच्या ड्युटीवरून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाने त्यात हात घालावा हे मला मुळीच पटत नाही. मात्र महिन्याला हजार-दीड हजाराची एसआयपी एखाद्या साध्या इंडेक्स फंडात सुरू करून ती वीस वर्षं हात न लावता ठेवणार असेल, तर अडवू नका. तो पैसा चार वर्षांनी लागणाऱ्यांतला नाही एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक हवं. चार वर्षांत बाजार कुठे असेल ते कुणी सांगू शकत नाही. पीपीएफचं खातं आत्ताच उघडायला सांगा. वर्षाला 500 रुपये भरले तरी ते जिवंत राहतं आणि त्याची 15 वर्षं या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजायला लागतात. एकोणिसाव्या वर्षी उघडलेलं खातं पस्तिशीच्या आत मोकळं होतं, तेव्हा त्याची मुलं शाळेत जाऊ लागलेली असतील.

आता सेवा निधी. माझं सगळ्यात जास्त मागणं तुमच्याकडे आहे ते इथेच.

अकरा लाख एकहाती ही आपल्या घरांत कुणी न पाहिलेली रक्कम असते. ती यायच्या आधीच तिची वाटणी झालेली असते. मागच्या बाजूला दोन खोल्या, वर स्लॅब, बहिणीचं लग्न, रस्त्याकडेचे दोन गुंठे. पण 11 लाख 71 हजार रुपये 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज 82,000 च्या आसपास, म्हणजे महिन्याला सात हजारसुद्धा होत नाहीत. ही पेन्शन नव्हे. हे त्याचं पुढच्या आयुष्याचं बियाणं आहे, आणि बियाणं कितीही अडचण आली तरी दळायला टाकत नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्लॅबचा मोह मला कळतो. पोराच्या पैशाचं घर उभं राहिलं की गावात मान मिळतो, डोळ्यांना दिसतं. पण ते घर बहुतेक वेळा वडिलांच्या नावावरच्या जागेत असतं, त्यात भावांचा हिस्सा असतो, आणि ज्याने पैसे घातले तो पंचविशीचा मुलगा पुण्यात कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करत भाड्याच्या खोलीत राहतो. धंदा करायचा म्हटलं तर भांडवल नाही, शिकायचं म्हटलं तर फी नाही. दहा वर्षांनी वाटणी होते तेव्हा भाऊ भावाला विचारतो, ‘तुझे पैसे लागले याला पुरावा काय?’ या प्रश्नाने तुटलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून घरात किंवा जमिनीत त्याचा पैसा घालायचाच असेल तर उताऱ्यावर त्याचं नाव आधी लागू द्या, पैसे नंतर. आणि मुलीच्या लग्नाबद्दल एवढंच म्हणेन की, भावाच्या चार वर्षांच्या कमाईवर हॉल आणि जेवणावळी ठरवणं तिलाही आवडणारं नसतं. तिला एकदा विचारून बघा. फौजेत आता मुलीही जात आहेत. एखाद्या घरात अग्निवीर लेकच असेल, तर तिच्या सेवा निधीकडे तिच्या लग्नाचा खर्च म्हणून पाहणं थांबवा. तो तिचा आहे.

निधी आल्यावर पहिले सहा महिने काहीही ठरवू नका. तीन वेगवेगळ्या बँकांत मुदत ठेवी करा. एका बँकेत एका व्यक्तीच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, म्हणून वेगवेगळ्या बँका. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पण पतसंस्थेला तो नाही. बोर्डावर दोघांचीही नावं सारखीच भासतात, व्याज पतसंस्थेचं अर्धा-एक टक्का जास्त असतं आणि संचालक आपल्या ओळखीचे असतात. तरीही मुलाची आयुष्याची पुंजी तिथे ठेवू नका. दामदुप्पट, महिन्याला ठरावीक परतावा, ‘साहेबांनी पण घातलेत’ असं सांगत येणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. तो माजी सैनिक असला तरी. किंबहुना वर्दीवरच्या विश्वासाचा फायदा घेण्यासाठी असे लोक माजी सैनिकांनाच पुढे करतात.

पैसा गुंतवायची सगळ्यात चांगली जागा मला विचाराल तर ती मुलाची पदवी. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत बारावीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली आहे. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला आहे, त्यातले निम्मे श्रेयांक (क्रेडिट) फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. फोनवर ‘जेवलास का’ विचारता तसं ‘फॉर्म भरलास का’ हेही विचारा. ड्रायव्हिंग, रेडिओ, इलेक्ट्रिकल, नर्सिंग, तो फौजेत जे काही शिकला असेल त्याचा कागद निघताना हातात हवा.

ज्यांची मुलं कायम होतील त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. एक म्हणजे कायम झालेल्याला सेवा निधीतला फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळतं, सरकारचा वाटा नाही. अकरा लाख धरून कुठे शब्द दिला असेल तर तो आजच मागे घ्या. दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. महिन्याला 3,000 आणि गेली काही वर्षं असलेला 7.1 टक्के दर धरला, तर 15 वर्षांत साडेनऊ लाखांच्या जवळ जातात. तेच पहिली 5 वर्षं ‘आधी घराचं बघू’ म्हणून सोडली, तर हातात येतात 5 लाख 20 हजारांच्या आसपास. कमी भरले 1 लाख 80 हजार, आणि गमावले सव्वाचार लाखांच्या वर.

मग लग्न होतं, आणि नॉमिनीचं नाव बदलायचा प्रश्न येतो. बरीच मुलं वर्षानुवर्षं तो कागद भरत नाहीत. आईचं नाव काढून बायकोचं घालायचं हे आईला कळलं तर तिला काय वाटेल, या धास्तीने. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली अधिकृत नोंद, निघत नाही, मूल होतं त्याची निघत नाही, आणि फौजेच्या कागदांत तो अविवाहितच राहतो. माई, हे काम तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. तुम्ही स्वतः सांगा त्याला की बाबा, सुनेचं नाव लाव. विम्यात टक्केवारीने वाटे ठरवता येतात, त्यामुळे आई-वडिलांचा वाटाही ठेवता येतो. तो तोंडी ठेवू नका, कागदावर आणा, आणि सुनेला समोर बसवून आणा.

तो सुट्टीवर येईल तेव्हा एक संध्याकाळ या बोलण्यासाठी ठेवा. पाहुणे येण्याआधी, जत्रेच्या गडबडीआधी. त्याची पगाराची स्लिप मोबाइलवर हमराज ॲपमध्ये असते, ती त्याला दाखवायला सांगा. आणि तुम्हीही तुमचे कागद काढा. सातबाऱ्यावर बोजा किती, सोसायटीचं किती, सोनाराकडे काय आहे, कुणाचे हातउसने आहेत, सगळं. मुलगा दूर बसून घरच्या कर्जाची कल्पना खऱ्याच्या दुप्पट करत असतो आणि त्या काळजीनेच खातं रिकामं करून पाठवत राहतो. खरा आकडा कळला, की घरी किती द्यायचे आणि आपल्या नावावर किती ठेवायचे हे ठरवायला तो एकटाही समर्थ आहे. त्याने ठरवलेल्या आकड्याला तुम्ही हो म्हणा.